उष्ण आणि खडकाळ मुलखात एअर रायफलने जॅकरॅबिटची शिकार : मार्गदर्शन हवे आहे

सोनोरावाट

सर्वांना नमस्कार. नोकरीनिमित्त मी ॲरिझोना राज्यातील टुसॉन येथे राहतो. पुण्यात महाविद्यालयात असताना १० मीटर एअर रायफल प्रकारात नेमबाजी शिकलो होतो. मध्यंतरी ती सुटली आणि इथे आल्यावर पुन्हा सुरू झाली. शहराबाहेर पडले की सोनोरा वाळवंट लागते. सग्वारोचे उंच निवडुंग, मेस्कीट आणि पालो व्हर्देची झाडे, क्रिओसोटची विरळ झुडपे आणि पावसाळ्याखेरीज कोरडे असणारे ओढे, ज्यांना इथले लोक 'वॉश' म्हणतात. या प्रदेशात जॅकरॅबिटची, म्हणजे लांब कानांच्या मोठ्या रानसशाची, शिकार कायदेशीर आहे आणि पुष्कळ जण ती एअर रायफलने करतात, हे स्थानिक मित्रांकडून कळले. मारलेला प्राणी खायचा, ही माझी स्वतःसाठीची पहिली अट आहे.

माझा विचार जूनमध्ये, मोठ्या सुटीत जाण्याचा आहे. परंतु लक्ष्यफलकावरची नेमबाजी आणि डोंगरउतारावर बसलेला जिवंत प्राणी यांत फार मोठे अंतर आहे याची मला जाणीव आहे. एवढ्या उन्हात हा प्राणी कुठे सापडतो, कोणत्या व्यासाची रायफल घ्यावी, किती अंतरावरून नेम धरणे योग्य आणि मांसाची काळजी कशी घ्यावी, याविषयी जाणकारांनी सविस्तर लिहावे अशी विनंती आहे.

माळावरचा

सोनोरावाट, चांगला धागा काढलात. मी दक्षिण ॲरिझोनात बरीच वर्षे राहतो आहे आणि या प्राण्याच्या मागे पुष्कळ पायपीट केली आहे. जूनच्या प्रश्नाचे उत्तर शेवटी देतो, कारण बाकीच्या गोष्टी समजल्यावरच ते पटेल.

तुमच्या परिसरात जॅकरॅबिटच्या दोन जाती आहेत. काळ्या शेपटीचा जॅकरॅबिट अमेरिकेच्या पश्चिम भागात सर्वदूर आढळतो. त्याच्या कानांची टोके काळी असतात आणि वजन साधारण दीड ते तीन किलो भरते. दुसरा अँटिलोप जॅकरॅबिट. तो अंगाने मोठा, कानांच्या टोकांना काळा रंग नसलेला आणि पळताना कुशीचा पांढरा भाग चमकवणारा. त्याचा आढळ दक्षिण ॲरिझोना आणि लगतचा मेक्सिको एवढाच मर्यादित आहे. याच झुडपांत कॉटनटेल हा लहान, आखूड कानांचा ससाही असतो. त्याच्यासाठी दैनिक मर्यादा आहे, तर जॅकरॅबिटची शिकार ॲरिझोनात वर्षभर खुली असते. म्हणून समोरचा प्राणी नेमका कोणता हे दुर्बिणीतून पाहून ठरल्याशिवाय रायफल उचलू नये. न्यू मेक्सिकोच्या नैर्ऋत्य टोकाला गेलात तर तिथे पांढऱ्या कुशीची आणखी एक जात आहे आणि ती संरक्षित आहे.

आता उन्हाविषयी. जॅकरॅबिट बीळ करत नाही. झुडपाच्या बुडाशी माती उकरून उथळ खळगा करतो आणि दिवसाचा मोठा भाग त्यात निश्चल बसून काढतो. पाणी त्याला बहुतांशी खाल्लेल्या पाल्यातून आणि निवडुंगातून मिळते, त्यामुळे घाम गाळून किंवा धापा टाकून शरीर थंड ठेवण्याची चैन त्याला परवडत नाही. ते काम त्याचे कान करतात. हवा शरीरापेक्षा थंड असेल तेव्हा कानांतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि उष्णता बाहेर टाकली जाते. हवा शरीराहून तापली की त्या आकुंचन पावतात, म्हणजे बाहेरची उष्णता आत येत नाही. क्नूट श्मिट-निल्सन या प्राणिशरीरशास्त्रज्ञांनी १९६० च्या दशकात या प्राण्याचा अभ्यास करून असे मांडले होते की सावलीत बसलेल्या जॅकरॅबिटचे कान उत्तरेकडच्या निरभ्र, तुलनेने थंड आकाशाकडे उष्णता उत्सर्जित करत असावेत.

शिकाऱ्याने यातून घ्यायचे ते असे की सावली कुठे पडली आहे हे पाहत चालावे, ससा शोधत चालू नये. सकाळी सूर्य पूर्वेला असतो तेव्हा सावली झुडपाच्या पश्चिमेला पडते आणि ससाही त्याच बाजूला सरकलेला असतो. पुष्कळ नवशिके पाठीशी सूर्य घेऊन चालतात, कारण त्यामुळे समोर उजेड स्वच्छ मिळतो. पण तसे चालले की झुडपाची उजळलेली बाजू आपल्याकडे येते आणि सावलीची बाजू पलीकडे दडते. सूर्याकडे तोंड करून चालले तर डोळे दिपतात आणि काहीच दिसत नाही. म्हणून सकाळी आणि संध्याकाळी उत्तर-दक्षिण रेषेत, सूर्य एका कुशीला ठेवून चालावे आणि प्रत्येक झुडपाच्या बुडाकडे तिरके पाहावे. हिवाळ्यात भर दुपारीही सूर्य दक्षिणेला कललेला असतो, तेव्हा उत्तरेच्या लांब सावल्या तपासाव्यात. जूनच्या दुपारी मात्र सूर्य जवळजवळ डोक्यावर येतो, सावली आक्रसून झुडपाच्या पोटात जाते आणि तिच्याबरोबर ससाही आत जातो; तेव्हा तो दिसत नाही आणि दिसला तरी काटक्यांच्या जाळीतून छर्रा सरळ जाणार नाही.

संपूर्ण प्राणी दिसण्याची वाट पाहू नका. बहुतेक वेळा आधी डोळा दिसतो, किंवा उन्हात गुलाबी झालेला, शिरा स्पष्ट असलेला कान. चार-पाच पावले टाकावीत आणि मग चांगले मिनिटभर थांबावे. माणूस सलग चालत राहिला तर ससा बसून राहतो आणि आपण त्याच्या बाजूने निघून जातो; माणूस थांबला की तो अस्वस्थ होतो, उठतो, थोडे अंतर जातो आणि पुष्कळदा मागे वळून पाहण्यासाठी थांबतो. तोंडाने हलकी शीळ घातली तरी थांबतो. तोच आपला क्षण. पळत्या सशावर एअर रायफल कधीही चालवू नये. तो ताशी ६० किलोमीटरच्या आसपास वेग घेतो आणि मध्येच दिशा बदलतो.

'खडकाळ मुलूख' असे तुम्ही शीर्षकात लिहिले आहे, पण अगदी उभ्या खडकाळ चढावर जॅकरॅबिट कमीच असतात. दूरवर पाहता येईल आणि वेगाने पळता येईल अशी जागा त्यांना लागते. डोंगरांच्या पायथ्याशी वाळू-गोट्यांचे जे रुंद उतार पसरलेले असतात तिथे, पठारांच्या माथ्यावर आणि वॉशच्या काठावरच्या मेस्कीटखाली शोधा. डोंगराचा उपयोग चढून बसण्यासाठी करावा. पहाटे एखाद्या टेकाडावर बसून दुर्बिणीने खालचा उतार तपासणे हे दिवसभराच्या पायपिटीपेक्षा अधिक फळ देते.

आणि आता जून. माझे स्पष्ट मत आहे की जूनमध्ये जाऊ नये. तापमान पुष्कळदा ४० अंशांच्या आसपास किंवा वर असते, पहाटेचे जेमतेम दोन-तीन तास मिळतात, मांस झपाट्याने खराब होते, आणि दक्षिण ॲरिझोनात या प्राण्याची वीण साधारण वर्षारंभापासून उन्हाळ्याच्या अखेरीपर्यंत चालते. कायदा परवानगी देतो म्हणून पिलांना पाजणारी मादी मारणे मला योग्य वाटत नाही आणि नर-मादी दुरून ओळखता येत नाहीत. ऑक्टोबरचा उत्तरार्ध आणि नोव्हेंबर हा माझ्या दृष्टीने उत्तम काळ. ऊन तेव्हाही चांगलेच असते, परंतु ते माणसाला सोसवते.

छर्रावारा

माळावरचा यांच्या प्रतिसादानंतर प्राण्याविषयी लिहिण्यासारखे फार उरले नाही, म्हणून मी शस्त्राविषयी लिहितो.

सोनोरावाट, तुमची १० मीटरची रायफल या कामाला अजिबात चालणार नाही. ती ४.५ मिलिमीटरचा, सुमारे अर्ध्या ग्रॅमचा चपट्या तोंडाचा छर्रा सेकंदाला १७० मीटरच्या आसपास फेकते. म्हणजे ऊर्जा जेमतेम सात ज्यूल. कागदाला स्वच्छ गोल भोक पडावे म्हणून तो छर्रा चपटा असतो आणि लांबवर त्याची अचूकता टिकत नाही. जॅकरॅबिटसाठी ०.२२ किंवा ०.२५ इंच व्यासाची, आधीच भरलेल्या दाबाच्या हवेवर चालणारी म्हणजे पीसीपी प्रकारची रायफल घ्यावी. ०.२२ मध्ये १८ ग्रेनचा (सुमारे १.२ ग्रॅमचा) घुमटाकार छर्रा सेकंदाला ८७० फूट वेगाने निघाला तर ऊर्जा सुमारे ३० फूट-पौंड, म्हणजे ४० ज्यूल होते. डोक्यावर बसलेला छर्रा यापेक्षा बऱ्याच कमी ऊर्जेनेही काम करतो. वाढीव ऊर्जा खरी उपयोगी पडते ती वारा आणि अंतर यांच्याशी झगडताना.

स्प्रिंगच्या, नळी मोडून भरण्याच्या रायफलीवरही पुष्कळ जण शिकार करतात आणि ज्यांना पंप अथवा हवेची टाकी बाळगायची नाही त्यांच्यासाठी ती चांगली आहे. मात्र ती घट्ट आवळून धरली की नेम भरकटतो. पुढचा हात सैल, तळव्यावर नुसती टेकवलेली रायफल, असे धरावे लागते. १० मीटरच्या सवयीमुळे हे तुम्हाला लवकर जमेल. जाता जाता सांगतो, पश्चिम अमेरिकेत एअर रायफल ही काही नवी गोष्ट नाही. मेरिवेदर लुईस यांनी विल्यम क्लार्क यांच्यासह १८०४ ते १८०६ मध्ये मिसूरी नदीपासून पॅसिफिकपर्यंत जी मोहीम केली, तिच्यात त्यांच्याजवळ एअर रायफल होती आणि वाटेत भेटणाऱ्या आदिवासी समूहांना ती चालवून दाखवल्याच्या नोंदी त्यांच्या रोजनिशीत आहेत.

आता अंतर. वर दिलेल्या वेगाची रायफल ३० यार्डांवर (सुमारे २७ मीटर) नेम बरोबर लागेल अशी जुळवली असेल तर ५० यार्डांवर छर्रा सुमारे दीड ते दोन इंच खाली लागतो. हे शिकता येते, कारण ते दर वेळी तेवढेच असते. वाऱ्याचे तसे नाही. ताशी १० मैलांचा आडवा वारा त्याच छर्ऱ्याला ५० यार्डांवर सुमारे सहा सेंटिमीटर बाजूला नेतो, आणि सशाच्या डोक्यातला ज्या जागी छर्रा बसल्यावर प्राणी तत्काळ मरतो ती जागा तीन-चार सेंटिमीटरचीच असते. म्हणजे नेम निर्दोष असूनही प्राणी जखमी होऊन पळेल. वाळवंटात सूर्य वर आला की जमीन तापून वारा सुटतो आणि घळींमधून तो कुठल्याही दिशेने येतो. झुडपांच्या शेंड्यांकडे पाहत राहावे. तापलेल्या जमिनीवरची हवा थरथरते तेव्हा दुर्बिणीतली प्रतिमाही हलते. अशा वेळी जवळ जावे किंवा सोडून द्यावे.

स्वतःची मर्यादा ठरवण्याची माझी रीत अशी आहे. मैदानात, बाकावर नव्हे, बसून किंवा काठीच्या टेकूवर रायफल ठेवून, एक इंच व्यासाच्या वर्तुळात ज्या अंतरापर्यंत प्रत्येक छर्रा बसतो तेच तुमचे शिकारीचे अंतर. बहुतेक चांगल्या नेमबाजांसाठी ते ३० ते ४५ यार्डांच्या दरम्यान येते. एखादा छर्रा बाहेर गेला की अंतर कमी करायचे. यात सवलत नसावी.

खडकाळ मुलखात आणखी एक गोष्ट येते ती उताराची. वर किंवा खाली, दोन्हीकडे तिरका नेम धरला की छर्रा अपेक्षेपेक्षा वर लागतो, कारण गुरुत्वाकर्षणाच्या दृष्टीने आडवे अंतर तेवढे मोजायचे असते. ४५ अंशांच्या उतारावर ५० यार्ड अंतर दिसले तर ते ३५ यार्डांचे धरून नेम घ्यावा.

उन्हाचा परिणाम रायफलीवरही होतो. २० अंश तापमानाला २०० बार (बार हे दाबाचे एकक) इतकी भरलेली हवेची टाकी बंद गाडीत ६० अंशांना पोहोचली तर आतला दाब २२५ बारच्या वर जातो. दाब-नियंत्रक नसलेल्या रायफलीत जादा दाबामुळे झडप पुरेशी उघडत नाही आणि छर्रा वेगाने जाण्याऐवजी उलट मंद जातो. टाकी पूर्ण भरू नये, रायफल सावलीत ठेवावी आणि गाडीत सोडून जाऊ नये.

न्यूजर्सीकर

माहितीपूर्ण चर्चा. मला एक कायदेशीर शंका आहे. आपल्यापैकी अनेक जण एच-१बी व्हिसावर आहेत. त्यांना एअर रायफल बाळगता येते का?

माळावरचा

संघराज्याच्या कायद्यात स्फोटक द्रव्याच्या जोराने गोळी फेकणारे शस्त्र म्हणजे बंदूक अशी व्याख्या आहे, त्यामुळे हवेवर चालणारी रायफल तिच्यात येत नाही. तात्पुरत्या व्हिसावरील व्यक्तींना बंदूक बाळगण्यास जी बंदी आहे ती म्हणूनच एअर रायफलीला लागू होत नाही. खऱ्या बंदुकीच्या बाबतीतही वैध शिकार परवाना असलेल्यांसाठी अपवाद आहे. परंतु राज्यांचे कायदे वेगवेगळे आहेत. तुमच्याच न्यू जर्सीत एअर रायफल ही कायद्याने बंदूकच धरली जाते, आणि इलिनॉयमध्ये छर्ऱ्याचा व्यास आणि वेग यांनुसार ती बंदुकीच्या व्याख्येत जाऊ शकते. एका राज्यात घेतलेली रायफल गाडीत टाकून दुसऱ्या राज्यात नेण्यापूर्वी वाटेतल्या प्रत्येक राज्याचा कायदा पाहा. व्हिसाचा प्रश्न असेल तर वकिलाला विचारण्यात कंजुषी करू नये.

ॲरिझोनात शिकारीसाठी राज्याच्या गेम अँड फिश खात्याचा परवाना लागतो, जॅकरॅबिटसाठीसुद्धा. संघराज्याच्या ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंटच्या ताब्यातल्या बहुतेक जमिनी शिकारीला खुल्या आहेत. सग्वारो राष्ट्रीय उद्यानात शिकारीला बंदी आहे, आणि आदिवासी राष्ट्रांच्या जमिनींवर त्यांचे स्वतःचे नियम चालतात. वस्ती असलेल्या घरापासून पाव मैलाच्या आत परवानगीवाचून बंदूक चालवू नये असा नियम आहे. एअर रायफलनेही तो पाळावा. रस्त्यावरून किंवा रस्त्याच्या पलीकडे नेम धरू नये. नियमपुस्तिका दर हंगामात नव्याने वाचावी.

रानहिरवा

मी सोलापूरकडचा. आमच्या माळरानावर पूर्वी सशाची शिकार सर्रास होत असे. जाळी लावून, कुत्री घालून, रात्री बॅटरीच्या झोतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ती गुन्हा ठरली, तरी चोरून चालणारे प्रकार मी पाहिले आहेत आणि त्याविरुद्ध बोललो आहे. त्यामुळे हा धागा वाचताना मला अस्वस्थ वाटले. तुमच्याकडे कायदेशीर आहे हे मान्य, पण बाजारात मांस मिळत असताना हे कशासाठी, हा प्रश्न मी प्रामाणिकपणे विचारतो आहे. आणि हे वाचून इथल्या एखाद्या तरुणाने छर्ऱ्याची बंदूक घेऊन माळ गाठू नये, ही काळजीही आहे.

सोनोरावाट

रानहिरवा, आपली काळजी रास्त आहे. भारतातल्या वाचकांसाठी मी स्पष्ट लिहितो: भारतात रानसशाची शिकार कोणत्याही साधनाने केली तरी तो गुन्हा आहे. शस्त्र नियम, २०१६ प्रमाणे २० ज्यूलपेक्षा जास्त ऊर्जेच्या अथवा ०.१७७ इंचापेक्षा मोठ्या व्यासाच्या एअर रायफलीला परवानाही लागतो, आणि परवाना असला म्हणून शिकारीची मुभा मिळत नाही. आपल्याकडे एअर रायफल हे खेळाचे साधन आहे आणि अंजली भागवत, तेजस्विनी सावंत यांच्यासारख्या नेमबाजांनी महाराष्ट्राला तिचा अभिमान दिला आहे. तिचे स्थान तेच राहावे.

कशासाठी, याचे माझे उत्तर असे की मी मांस खातो, आणि जे खातो त्याच्या मरणाची जबाबदारी कधीतरी स्वतःच्या हाताने घ्यावी असे मला वाटते. बाजारातल्या कोंबडीचे आयुष्य कसे गेले हे मला माहीत नसते. या प्राण्याचे असते. हे उत्तर सगळ्यांना पटेल असे नाही, पण ते मनापासून आहे.

माळावरचा

मी यात एवढेच जोडतो. इथले पुष्कळ लोक 'जॅकरॅबिट पिकांची आणि चराईची नासधूस करतात' हे कारण पुढे करतात. १९३० च्या दशकात, मोठ्या दुष्काळाच्या आणि धुळीच्या वादळांच्या काळात, कॅन्ससमध्ये गावेच्या गावे एकत्र येऊन हजारो ससे कुंपणात हाकत आणि काठ्यांनी मारत असत. तेव्हा शेतकऱ्यांची उपासमार खरी होती. आज वाळवंटात बसलेला ससा कोणाचे पीक खात नाही, त्यामुळे ते कारण मला खोटे वाटते. मारून तिथेच टाकून देण्याची जी प्रथा आहे तिला माझा विरोध आहे. खाणार असाल तर मारा. ससाणे, सोनेरी गरुड, कोयोटी आणि बॉबकॅट यांचे पोट ज्या प्राण्यावर चालते, त्यातला आपला वाटा गरजेइतकाच असावा.

आणखी एक गोष्ट. मारलेल्या प्राण्याच्या शरीरात शिशाचा छर्रा राहिला आणि ते अवशेष उघड्यावर पडले तर मृतभक्षक पक्ष्यांना विषबाधा होते. उत्तर ॲरिझोनात १९९६ पासून कॅलिफोर्निया कोंडोर सोडले जात आहेत आणि शिसे हे त्यांच्या मृत्यूचे मोठे कारण आहे. शिसेविरहित छर्रे मिळतात. ते हलके असतात आणि प्रत्येक नळीला मानवतात असे नाही, पण आधी तेच वापरून पाहावेत.

पशुवैद्य

मी न्यू मेक्सिकोत पशुवैद्यकीय व्यवसाय करते. आतापर्यंत आरोग्याचा मुद्दा आला नाही म्हणून लिहिते आहे, आणि कृपया हे गांभीर्याने घ्यावे.

सशांपासून माणसाला होणारा मुख्य आजार ट्युलरेमिया. कॅलिफोर्नियातल्या ट्युलरी परगण्यात विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात त्याचा जिवाणू प्रथम ओळखला गेला. आजारी प्राणी सोलताना हाताच्या लहानशा ओरखड्यातून, गोचीड आणि चावऱ्या माश्यांमधून, किंवा कच्चे राहिलेले मांस खाल्ल्यामुळे तो होतो. उन्हाळ्यात गोचीड आणि माश्या सर्वाधिक असतात, म्हणून माळावरचा यांनी जूनविषयी दिलेला सल्ला माझ्या दृष्टीनेही योग्य आहे. सुस्त, माणूस जवळ आला तरी न पळणारा ससा सोपा वाटतो, पण तोच मारू नये. सोलताना हातमोजे घालावेत आणि यकृत पाहावे. त्यावर पांढरे बारीक ठिपके दिसले किंवा ते सुजलेले असले तर तो प्राणी खाऊ नये. हातमोजे न काढता त्याची विल्हेवाट लावावी. मांस आतपर्यंत किमान ७४ अंश सेल्सिअसला शिजले पाहिजे. गोठवल्याने हा जिवाणू मरत नाही, त्यामुळे 'फ्रीजरमध्ये ठेवले होते' यावर विसंबू नये. नंतरच्या दोन आठवड्यांत अचानक ताप, हातावर न भरणारी जखम किंवा काखेत गाठ आली तर डॉक्टरांकडे जावे आणि ससा हाताळला होता हे आवर्जून सांगावे. योग्य प्रतिजैविकांनी आजार बरा होतो, पण हे सांगितले नाही तर डॉक्टरांच्या ते मनातही येणार नाही.

दुसरा आजार सशांचा स्वतःचा. रक्तस्रावी रोगाचा आरएचडीव्ही-२ हा विषाणू २०२० च्या वसंतात नैर्ऋत्य अमेरिकेतल्या रानसशांत प्रथमच आढळला आणि ॲरिझोनातल्या जॅकरॅबिटपर्यंत पोहोचला. माणसाला तो होत नाही, परंतु बूट, कपडे आणि सुऱ्यांवरून पसरतो. ज्यांच्या घरी पाळीव ससे आहेत त्यांनी रानातून आल्यावर कपडे आणि बूट बाहेरच काढावेत. एका ठिकाणी अनेक ससे मेलेले दिसले तर हात लावू नये, खात्याला कळवावे.

जॅकरॅबिटच्या कातडीखाली माशीच्या अळ्या आणि स्नायूंत पाण्याने भरलेल्या लहान पिशव्या अनेकदा सापडतात. त्या किळसवाण्या दिसतात. तेवढा भाग काढून टाकून उरलेले मांस नीट शिजवले तर चालते. फार असतील तर माझ्या मते सोडूनच द्यावे.

काळामसाला

स्वयंपाकाविषयी मी लिहिते. आमच्याकडे हे मांस दर हिवाळ्यात एक-दोनदा होते. मांस गडद लाल, जवळजवळ बिनचरबीचे आणि चिवट असते. कोंबडीच्या अंदाजाने शिजवले तर चामड्यासारखे लागते. प्राणी पडल्याबरोबर पंधरा-वीस मिनिटांत आतडी काढावीत, कातडे काढावे, आतून कोरडे करून स्वच्छ कापडी पिशवीत घालावे आणि बर्फाच्या पेटीत ठेवावे. वितळलेल्या पाण्यात मांस भिजू देऊ नये. घरी आल्यावर मिठाच्या पाण्यात रात्रभर फ्रीजमध्ये ठेवले की रक्त निघते आणि उग्र वास कमी होतो.

दुसऱ्या दिवशी दही, आले-लसूण आणि हळद लावून चार तास मुरवावे. भाजलेला कांदा आणि सुके खोबरे यांचे वाटण, काळा मसाला, आणि तेल नेहमीपेक्षा सढळ, कारण मांसाला स्वतःची चरबी नाही. कुकरमध्ये मंद आचेवर निदान पाऊण तास लागतो. प्राणी वयस्क असेल तर त्याहून अधिक. मांस हाडापासून सुटले की झाले. पाठीच्या दोन लांब पट्ट्या तेवढ्या कोवळ्या असतात. त्यांचे बारीक तुकडे करून सुके केले तर चांगले लागते, मात्र पशुवैद्य यांनी सांगितलेले तापमान तिथेही गाठलेच पाहिजे.

सोनोरावाट

सर्वांचे मनःपूर्वक आभार. जूनचा बेत मी रद्द केला आहे. उन्हाळ्यात रायफल घेऊन मैदानावर सराव करेन, बसून आणि काठीच्या टेकूवर, आणि ऑक्टोबरच्या अखेरीस जाईन. परवाना काढतो आहे. छर्रावारा यांनी सांगितलेली एक इंचाची कसोटी सध्या मला ३० यार्डांपर्यंतच जमते, तेव्हा मर्यादा तीच राहील. खडक आणि साप यांविषयी एक-दोन शब्द लिहाल का?

माळावरचा

३० यार्ड पुरेसे आहेत. सावलीच्या रेषेने चाललात तर त्याहून जवळूनही संधी मिळतात.

खडकावर आपटलेला छर्रा उसळतो आणि शिशाचा असला तरी कुठे जाईल हे सांगता येत नाही. सशाच्या मागे मातीचा किंवा वाळूचा उतार असेल तरच घोडा दाबा. क्षितिजरेषेवर बसलेला ससा सोडून द्यावा.

रॅटलस्नेक ऑक्टोबरच्या अखेरीसही बाहेर असतात आणि उन्हात त्यांनाही सावलीच हवी असते, म्हणजे ज्या झुडपाखाली आपण ससा शोधतो त्याच झुडपाखाली. पडलेला ससा उचलण्यासाठी थेट हात घालू नये. आधी चारी बाजूंनी पाहावे, मग काठीने बाहेर ओढावा. खडकांवर चढताना जिथे दिसत नाही अशा कपारीत हात ठेवू नये. दंश झाला तर चिरा देणे, रक्त शोषणे, आवळपट्टी बांधणे यांतले काहीही करू नये; शांत राहून लवकरात लवकर रुग्णालय गाठावे. पुष्कळ ठिकाणी मोबाइलला संपर्क मिळत नाही, म्हणून कुठे जाणार आणि किती वाजेपर्यंत परत येणार हे घरी लिहून ठेवून निघा.

पायात जाड कातडी बूट आणि खिशात एक कंगवा असू द्या. चोया निवडुंगाचे काटेरी तुकडे नुसत्या स्पर्शाने चिकटतात आणि हाताने काढू गेले की हातात रुततात. कंगव्याचे दात खालून घालून झटका दिला की सुटतात. पाणी माणशी किमान चार लिटर, आणि त्यातला निम्मा भाग संपला की ससा समोर असला तरी मागे फिरावे. जोडीदाराचे डोके दुखू लागले, तो अडखळू लागला किंवा असंबद्ध बोलू लागला तर त्याला तत्काळ सावलीत घ्या, कपडे ओले करा, वारा घाला आणि मदत बोलवा.

नोव्हेंबरमध्ये मी त्याच भागात असेन. तुम्हाला हवे असल्यास एका सकाळी बरोबर येईन. संपर्कासाठी इथे व्यक्तिगत निरोप पाठवा.